आवर्तसारणीवरचे बाण आणि रेणूंची ध्रुवीयता: पोरं नेमकी कुठे घसरतात?

पाटीपेन्सिल

तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीचे रसायनशास्त्राचे क्लास घेतो. रासायनिक बंधाचा धडा काढला की एका प्रश्नापाशी वर्ग हटकून घसरतो. घसरण्याचं मूळ आधीच्या, म्हणजे आवर्तसारणीच्या धड्यात असतं असं माझं मत झालंय. इथे बरेच रसायनवाले आहेत, म्हणून धागा काढतोय.

प्रश्न जुनाच, जेईई-नीटवाल्यांना तोंडपाठ असलेला. जास्त ध्रुवीय (म्हणजे एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण) कोण, अमोनिया की नायट्रोजन ट्रायफ्लोराइड? दोन्हीकडे मध्ये नायट्रोजन, त्याला तीन अणू जोडलेले, डोक्यावर एक लोन पेअर, म्हणजे बंधात न गेलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. आकारही तोच, बुटक्या पिरॅमिडचा. आधीच्या धड्यात घोकलेलं असतं की सारणीत उजवीकडे आणि वर जावं तशी विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) वाढते, आणि फ्लोरिन हा त्या कोपऱ्यातला दादा. त्यामुळे अर्ध्याहून जास्त वर्ग "सर, फ्लोरिनवाला!" म्हणून मोकळा होतो.

मोजलेला डायपोल मोमेंट (ध्रुवीयतेचं माप, एकक डिबाय) मात्र असा: अमोनिया १.४७ डिबाय, नायट्रोजन ट्रायफ्लोराइड ०.२३ डिबाय. सहापटीचा फरक आणि तोही उलटा.

बंधापुरतं पाहिलं तर पोरं चुकत नाहीत. पॉलिंगच्या मोजपट्टीवर नायट्रोजन ३.०४, हायड्रोजन २.२०, फ्लोरिन ३.९८. म्हणजे हायड्रोजनशी फरक ०.८४ आणि फ्लोरिनशी ०.९४. फ्लोरिनचा बंध अंमळ जास्त ध्रुवीय आहेच. घोळ होतो तो बेरजेत. कागदावर नायट्रोजन काढा, खाली तीन पाय, वर लोन पेअर. इलेक्ट्रॉन जिकडे सरकतात तिकडे बाणाचं टोक. अमोनियात ते हायड्रोजनकडून नायट्रोजनकडे येतात, म्हणून तिन्ही पायांवरचे बाण वर. लोन पेअरचा बाणही वर. सगळे एका दिशेने, बेरीज झाली. फ्लोराइडमध्ये पायांवरचे बाण खाली फ्लोरिनकडे, लोन पेअरचा मात्र वरच. वजाबाकी झाली, शिल्लक ०.२३.

एखादं चलाख पोरगं इथे कोनाचं काढतं. अमोनियात कोन १०७ अंश, फ्लोराइडमध्ये १०२ च्या आसपास. कोन कमी म्हणजे पाय जवळ आले, म्हणजे तीन बाणांची बेरीज वाढायला हवी ना? वाढतेच. पण लोन पेअर तीही खाऊन टाकते.

इथपर्यंत ठीक. मला जास्त खटकतो तो पुढचा प्रकार. हायड्रोजनचे चार हॅलाइड, म्हणजे फ्लोरिनच्या गणातल्या (उभ्या रांगेतल्या) चौघांशी झालेली संयुगं, घ्या: हायड्रोजन फ्लोराइड १.८२, क्लोराइड १.०८, ब्रोमाइड ०.८२, आयोडाइड ०.४४ डिबाय. गणात खाली जाताना विद्युतऋणता घटते, ध्रुवीयताही घटते. नियम खूश, वर्ग खूश. आता हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवा: मिथाइल फ्लोराइड १.८६, क्लोराइड १.८९, ब्रोमाइड १.८२, आयोडाइड १.६२. क्लोरिन फ्लोरिनच्या पुढे! आणि चौघांत फरक किती कमी उरलाय तेही बघा.

कारण डायपोल मोमेंट म्हणजे नुसता प्रभार नव्हे. प्रभार गुणिले अंतर. गणात खाली उतरताना विद्युतऋणता कमी होते तशी अणूची त्रिज्याही वाढते. एकाने मोमेंट घटतो, दुसऱ्याने वाढतो. सारणीच्या तक्त्यावर हे दोन बाण वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात, आणि पोरं ते दोन वेगवेगळे नियम म्हणून पाठ करतात. रेणूत ते एकाच वेळी काम करतात हे कुणी सांगतच नाही.

तुम्ही हे कसं शिकलात? शिकवत असाल तर कसं शिकवता?

---

आंबेमोहर

मास्तर, अगदी वेळेवर धागा काढलात. लेक यंदा अकरावीला आहे. तिच्या वहीत बाणांची साखळीच लिहून दिलेली आहे: विद्युतऋणतेतला फरक जास्त, म्हणून ध्रुवीयता जास्त, म्हणून उत्कलनबिंदू जास्त. आणि पुढच्याच पानावर क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि कार्बन टेट्राक्लोराइड ७७ ला. टेट्राक्लोराइडचा डायपोल तर शून्य ना? ती मला विचारते, मी वाणिज्यची. काय सांगू?

---

दूरदेशी

आंबेमोहर ताई, साखळीतली दुसरी कडी कच्ची आहे. पहिलीही फार पक्की नाही, पण ती मास्तरांनी वर तोडलीच आहे.

टेट्राक्लोराइडचा डायपोल शून्यच. चार सारखे बाण चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे, एकमेकांना पुरते मारतात. क्लोरोफॉर्ममध्ये एका क्लोरिनच्या जागी हायड्रोजन आला, तोल गेला, १.०४ डिबाय उरला. तरी टेट्राक्लोराइडच उशिरा उकळतो. रेणू एकमेकांना धरून ठेवतात ते फक्त कायमच्या ध्रुवांनी नाही. इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणोक्षणी इकडेतिकडे हलतो, त्याने क्षणिक ध्रुव तयार होतात, ते शेजाऱ्याच्या ढगालाही हलवतात. त्यातून जे आकर्षण येतं त्याला लंडन बल म्हणतात. ढग जितका मोठा आणि सैल तितकं हे बल जास्त. हायड्रोजनच्या जागी क्लोरिन आला की इलेक्ट्रॉन सोळाने वाढले.

मास्तरांच्याच यादीत हे सर्वांत उघड दिसतं. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंशांना उकळतो, ब्रोमाइड उणे ६७, आयोडाइड उणे ३५. ध्रुवीयता उतरतेय, उत्कलनबिंदू चढतोय. फ्लोराइड एकटा साधारण १९.५ अंशांवर जाऊन बसलाय, तो हायड्रोजन बंधामुळे, म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूचा फ्लोरिन धरून ठेवतो त्यामुळे.

ध्रुवीयतेचा परिणाम स्वच्छ बघायचा असेल तर बाकी सगळं सारखं असलेली जोडी निवडावी लागते. डायक्लोरोइथीनचे सिस आणि ट्रान्स हे दोन प्रकार घ्या. अणू तेच, वजन तेच. सिसमध्ये दोन्ही क्लोरिन एका बाजूला, डायपोल १.९०, उत्कलनबिंदू ६०. ट्रान्समध्ये समोरासमोर, डायपोल शून्य, ४८. बारा अंशांचा फरक. लेकीला हे उदाहरण द्या, साखळी लगेच सैल होईल.

---

अर्धवट

मला एक बाळबोध शंका. एकाच मूलद्रव्याचे अणू असतील तर विद्युतऋणतेत फरक शून्य, म्हणजे रेणू अध्रुवीयच. बरोबर ना?

---

शेवगा

@अर्धवट, दोन अणूंचा रेणू असेल तर बरोबर. तीन असतील तर ओझोनकडे बघा. तिन्ही ऑक्सिजनच, तरी डायपोल ०.५३ डिबाय.

रेणू सरळ नाही, ११७ अंशांत वाकलेला आहे. मधल्या ऑक्सिजनचे दोन शेजारी, कडेच्यांचा एकेकच. मधल्याने वाट्यापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन बंधांत घातलेत, त्यामुळे त्याच्यावर थोडा धन प्रभार आणि कडेच्या दोघांवर थोडा ऋण. मूलद्रव्य एक असलं तरी रेणूतल्या जागा एक नाहीत. आणि वाकलेला असल्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींना मारत नाहीत. हाच रेणू सरळ असता तर कार्बन डायऑक्साइडसारखा शून्यावर आला असता.

---

तळकोकणी

माझ्या वेळी सरांनी प्रयोग करून दाखवला होता तो अजून डोक्यात आहे. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवायचा आणि नळाच्या बारीक धारेजवळ न्यायचा. धार कंगव्याकडे वाकते. पाण्याचे ध्रुवीय रेणू फिरून उलटं टोक कंगव्याकडे करतात आणि ओढले जातात. मास्तर, तुम्ही फळ्यावर बाण काढण्यापेक्षा हे दाखवा. आमच्याकडे पावसाळ्यात मात्र होत नाही, हवा दमट असते, कंगव्यावर प्रभार टिकतच नाही.

---

दूरदेशी

तळकोकणी, प्रयोग झकास. पण त्याचं जे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी छापतात ते हिशेबाला टिकत नाही.

द्विध्रुवाच्या एका टोकाला कंगवा ओढतो, दुसऱ्याला ढकलतो. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर दोन्ही बलं एकमेकांना मारतात. रेणू फिरेल, सरकणार नाही. कंगव्याजवळ क्षेत्र एकसारखं नसतं, त्यामुळे थोडं ओढणं शिल्लक राहतं, पण ते इतकं किरकोळ की एवढी धार वाकणार नाही. नळाच्या पाण्यात आयन (प्रभार असलेले कण) असतात. कंगवा जवळ आला की धारेत विरुद्ध प्रभार गोळा होतो आणि धारेचे थेंब तो प्रभार घेऊनच तुटतात. धार वाकते ती प्रामुख्याने या प्रभारामुळे. एकसमान क्षेत्रातही ती वाकते, आणि नुसत्या ध्रुवीयतेने ते होणं शक्य नाही.

दाखवायला हरकत नाही. "म्हणून पाणी ध्रुवीय सिद्ध झालं" एवढं वाक्य फक्त गाळावं.

---

तळकोकणी

इतकी वर्षं लोकांना दाखवत आलो! बरं, मग ध्रुवीयता दिसेल असं घरच्या घरी काय करता येईल?

---

आंबेमोहर

याचं उत्तर माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरातलं. हळद. एका वाटीत पाणी, एकीत गरम तेल, दोन्हींत चिमूटभर हळद. पाण्यातली खाली बसते, तेलाला रंग चढतो. ओट्यावरचा हळदीचा डाग नुसत्या पाण्याने हलत नाही, आधी तेलाचा बोळा फिरवला तर निघतो. हे ध्रुवीय-अध्रुवीयच आहे ना, की इथेही काही आयन निघणार?

---

शेवगा

नाही ताई, हे चोख आहे. हळदीचा रंग कुरकुमिनचा. लांबलचक रेणू, त्याचा मोठा भाग कार्बन-हायड्रोजनचा, पाण्याला त्याच्यात रस नाही. पाण्याच्या रेणूंना आपापसातले हायड्रोजन बंध तोडून त्याला जागा करून द्यावी लागेल आणि बदल्यात फारसं काही मिळणार नाही. तेलात ती अडचण येत नाही.

फक्त एक: डागाला साबण लावला की तो लाल होतो, तो मामला वेगळा. ते आम्लारीचं काम, दर्शकासारखं.

---

नीलकांती

धागा ध्रुवीयतेवर रमलाय, पण शीर्षकात आवर्तसारणीवरचे बाण आहेत, तर तिकडे वळते. मी पदवीला अकार्बनी शिकवते. बारावी पास होऊन आलेल्या मुलांची बाणांवरची श्रद्धा बघून धडकी भरते.

आयनन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) डावीकडून उजवीकडे वाढते, असा बाण. दुसऱ्या आवर्तातले (आडव्या रांगेतले) आकडे किलोजूल प्रति मोलमध्ये बघा: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. आठ मूलद्रव्यांत दोनदा पाय घसरलाय. बोरॉनपाशी, कारण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन वरच्या पी कक्षकात (इलेक्ट्रॉनांच्या वरच्या ऊर्जेच्या घरात) जातो आणि तिथून काढणं सोपं. ऑक्सिजनपाशी, कारण नायट्रोजनचे तीन पी इलेक्ट्रॉन तीन कक्षकांत एकेकटे होते, ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी जोडीला बसावं लागलं आणि जोडीदार त्याला ढकलतो. मुलं याला "अपवाद" म्हणतात. माझ्या मते अपवाद वगैरे काही नाही. केंद्रकाचा वाढता प्रभार हे एक कारण, कक्षकांची रचना हे दुसरं. तक्त्यावरच्या बाणात फक्त पहिलंच रंगवलंय.

सगळ्यांत लाडकं माझं गॅलियम. गणात खाली जावं तशी त्रिज्या वाढते हा बाण तर लहान मुलांनाही पटतो, एक कवच वाढलं ना. ॲल्युमिनियमची धातुत्रिज्या १४३ पिकोमीटर आणि त्याच्या खालच्या गॅलियमची १३५. कवच वाढलं तरी अणू आक्रसला! ॲल्युमिनियम आणि गॅलियम यांच्यामध्ये डी इलेक्ट्रॉनांची दहा घरं येतात. तेवढ्यात केंद्रकाचा प्रभार दहाने वाढतो, पण डी इलेक्ट्रॉन आडोसा करण्यात कच्चे, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना केंद्रकाची ओढ जास्त जाणवते. म्हणूनच विद्युतऋणताही खाली उतरताना वाढते, ॲल्युमिनियम १.६१ आणि गॅलियम १.८१. आयनन ऊर्जा जवळपास जशीच्या तशी, ५७८ आणि ५७९.

सारणीत एकाखाली एक असलेल्या झिर्कोनियम आणि हाफ्नियममध्ये हेच एफ इलेक्ट्रॉनांमुळे होतं: त्रिज्या १६० आणि १५९. दोघं खनिजात इतके मिसळून असतात की वेगळे करताना नाकी नऊ येतात.

अवांतर: गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. नागपूरच्या मे महिन्यात बाटलीत घट्ट धातू नव्हे, त्याचं पाणी झालेलंच दिसेल.

---

पाटीपेन्सिल

@नीलकांती मॅडम, गॅलियमचं नाव काढलंत तर मेंडेलीव्हचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६९ साली सारणी मांडली, १८७१ साली ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरातल्या मूलद्रव्याचे गुणधर्म लिहून टाकले: अणुवस्तुमान ६८ च्या आसपास, घनता ५.९. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँनी गॅलियम शोधलं आणि घनता सांगितली ४.७. मेंडेलीव्हने धातूचा कण डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता, तरी त्याने कळवलं की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ भरली.

वर्गात हा किस्सा रंगतो. आणि त्याच सारणीत गॅलियमची त्रिज्या आपला बाण पाळत नाही हे मी लगेच पुढच्या वाक्यात सांगणार आता, दोन्ही एकत्र जायला हवेत.

---

अर्धवट

मध्येच विचारतो. हे फ्लोरिनचं ३.९८ आलं कुठून? कुठल्या यंत्रावर मोजतात? दोन दशांश स्थळांपर्यंत म्हणजे भलतंच अचूक वाटतंय.

---

दूरदेशी

थेट मोजतच नाहीत. एकट्या अणूला विद्युतऋणता नसते. बंधात असताना तो इलेक्ट्रॉन किती ओढतो त्याचा तो अंदाज. लायनस पॉलिंगने १९३२ साली बंधांच्या ऊर्जेवरून ही मोजपट्टी काढली. करूनच बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हायड्रोजन-हायड्रोजन बंध तोडायला ४३६ किलोजूल प्रति मोल लागतात, फ्लोरिन-फ्लोरिन १५९. हायड्रोजन-फ्लोरिन बंध अगदी समसमान वाटपाचा असता तर तो या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसला असता. गुणोत्तर मध्य घ्या: ४३६ गुणिले १५९, त्याचं वर्गमूळ, २६३. प्रत्यक्षात लागतात सुमारे ५७०. वरचे ३०७ कशाचे? पॉलिंग म्हणाला, वाटप असमान आहे, त्या प्रभारांच्या आकर्षणाचे. ३०७ ला ९६.५ ने भागा म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाले, ३.१८. वर्गमूळ १.७८. हायड्रोजन २.२० धरला तर फ्लोरिन ३.९८.

तेव्हा दोन दशांश आहेत खरे, पण बंधऊर्जेचे आकडे थोडे हलले की तेही हलतात. ०.८४ आणि ०.९४ यांच्या फरकावर फार मोठा इमला बांधू नये.

---

आंबेमोहर

हे मी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. आलं की हो! लेक बघतच राहिली.

मास्तर, मिथाइलवाल्या यादीचा पण असाच हिशेब मांडता येईल का? "एकाने घटतो, दुसऱ्याने वाढतो" हे कळलं, पण हायड्रोजनच्या यादीत घट जिंकते आणि मिथाइलच्या यादीत बरोबरी होते, हे का?

---

पाटीपेन्सिल

येईल, ढोबळ मानाने. एक पूर्ण इलेक्ट्रॉन १०० पिकोमीटर सरकला तर ४.८ डिबाय होतात, एवढं धरून चाला.

हायड्रोजन फ्लोराइडमध्ये अंतर ९२ पिकोमीटर. पूर्ण इलेक्ट्रॉन गेला असता तर ४.४ डिबाय. मोजला १.८२, म्हणजे ४१ टक्के. क्लोराइडमध्ये अंतर १२७, पूर्ण असता तर ६.१, मोजला १.०८, १८ टक्के. आयोडाइडमध्ये १६१, पूर्ण ७.७, मोजला ०.४४, जेमतेम ६ टक्के. अंतर पावणेदोन पट झालं, प्रभार सातव्या हिश्शावर आला. घट जिंकणारच.

मिथाइलमध्ये कार्बन-फ्लोरिन अंतर १३८, कार्बन-क्लोरिन १७८. तोच हिशेब केला तर २८ टक्के आणि २२ टक्के. प्रभार पाव हिश्शाहून कमीच घटला, अंतर तेवढ्यात जवळपास तीस टक्क्यांनी वाढलं, म्हणून क्लोरिन केसभर पुढे. प्रभार इतका सावकाश का घटतो? कार्बन एकटा नाही, त्याच्यामागे तीन हायड्रोजनांचे इलेक्ट्रॉनही थोडेथोडे पुढे सरकतात. एकट्या हायड्रोजनकडे मागून आणायला काहीच नाही. हे टक्के सगळा मोमेंट एकाच बंधावर टाकून काढलेत, त्यामुळे ते काट्यावर तोललेले समजू नका.

---

अर्धवट

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. कार्बन मोनॉक्साइड. कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४. फरक ०.८९, म्हणजे जवळपास तुमच्या नायट्रोजन-फ्लोरिनइतकाच. दोनच अणू, वाकायचा प्रश्न नाही, बाणांनी एकमेकांना मारायचाही नाही. मग डायपोल चांगला भक्कम असायला हवा, ऋण टोक ऑक्सिजनकडे. बरोबर?

---

नीलकांती

दोन्ही चूक, आणि इतक्या सुंदर रीतीने चूक की मी हा प्रश्न तोंडी परीक्षेला ठेवते.

डायपोल फक्त ०.११ डिबाय, आणि ऋण टोक कार्बनकडे. सिग्मा आणि पाय (π) या दोन्ही प्रकारच्या बंधांत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतोच. पण तिहेरी बंधाचा हिशेब पुरा करायला सहा इलेक्ट्रॉनांपैकी चार ऑक्सिजनने घातलेत आणि कार्बनने दोनच. शिवाय कार्बनची लोन पेअर रेणूच्या बाहेरच्या बाजूला लांब पसरलेली. ओढ ऑक्सिजनकडे, देणं कार्बनकडे. दोन्ही जवळजवळ फिटतात आणि कार्बनच्या बाजूला किंचित उरतं. मास्तरांच्या अमोनिया-फ्लोराइडच्या बेरीज-वजाबाकीचाच हा दोन अणूंमधला प्रकार.

कार्बनची तीच बाहेर आलेली लोन पेअर धातूला बांधते. निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये निकेलला कार्बन चिकटलेला असतो, ऑक्सिजन बाहेर. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचं लोह ज्या टोकाला धरून बसतं तेही कार्बनचंच.

---

पाटीपेन्सिल

@अर्धवट, गप्प बसू नका. सीईटीला कार्बन मोनॉक्साइडचा पर्याय आला तर पोरांनी "ध्रुवीय, पण अगदी किंचित" एवढं धरून चालावं. दिशा विचारली तर वरचा प्रतिसाद.